जुलैतला पांढरा थर : एका अंतराळयानाच्या क्लिअर कोटचे प्रकरण

हे प्रकरण एका प्लास्टिकच्या यानाचे आहे. स्टार ट्रेक या विज्ञानकथा-मालिकेतील ‘एंटरप्राइझ’ हे यान १९७९ च्या चित्रपटासाठी नव्या रूपात घडवले गेले आणि त्याच सुमारास एएमटी या अमेरिकी कंपनीने त्याचे १/५३७ प्रमाणातले किट बाजारात आणले. त्या किटच्या पुढे वेळोवेळी निघालेल्या आवृत्त्यांपैकी एक माझ्या भाच्याने बारावीची परीक्षा संपताच बांधायला घेतली. यानाची कल्पित लांबी ३०५ मीटर मानली जाते, त्यामुळे बांधून झालेले मॉडेल सुमारे ५७ सेंटिमीटर लांब होते. मुलुंडच्या दोन खोल्यांच्या घरात एवढी वस्तू चार महिने जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला राहिली आणि माझ्या ताईने त्याबद्दल एकदाही तक्रार केली नाही, हे या नोंदीत यायलाच हवे.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी पाऊस थांबल्याचे पाहून भाच्याने यान इमारतीच्या गच्चीवर नेले आणि शेवटचा सेमी-ग्लॉस क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा अर्धचकचकीत पारदर्शक थर, स्प्रेच्या डब्यातून मारला. पहिल्या दोन मिनिटांत सारे ठीक दिसत होते. दहाव्या मिनिटापर्यंत वरची गोल तबकडी, जिला आम्ही घरात बशीच म्हणतो, दुधी पडली. ताकाचे भांडे विसळल्यावर आतून जी पांढुरकी साय राहते, तशी ती दिसत होती. त्याने मला फोन केला तेव्हा तो एवढेच म्हणाला, ‘मावशी, सगळं पांढरं पडलं. आता मी काय करू?’

मी त्याला त्या क्षणी एकच गोष्ट सांगितली, की कशालाही हात लावू नकोस, पुसू नकोस आणि त्यावर दुसरा कोटही मारू नकोस. पांढरा पडलेला थर पाहून माणसाचा हात पहिल्यांदा कापडाकडे जातो आणि नंतर डब्याकडे, आणि या दोन्ही कृतींनी बरे होण्यासारखे काम कायमचे बिघडू शकते. गच्चीवर जाण्याचा सल्ला मुळात माझाच होता, हेही येथे नोंदवते. लॅकरची (वेगाने उडणाऱ्या द्रावकात विरघळवलेल्या रंगाची) वाफ घरात कोंडू नये म्हणून मार्च महिन्यात मी त्याला ‘स्प्रे नेहमी गच्चीवर मार’ असे सांगितले होते. मार्चमध्ये तो सल्ला योग्य होता. पावसाळ्यात तो बदलावा लागेल हे मी सांगितले नव्हते आणि त्याने मात्र माझा शब्द जुलैतही पाळला होता.

काय पणाला लागले होते

या यानाच्या रंगकामाला मॉडेल बांधणाऱ्यांमध्ये विशेष मान आहे. अँड्र्यू प्रोबर्ट आणि रिचर्ड टेलर यांच्या आराखड्यांवरून चित्रपटासाठी जे सुमारे ८ फूट लांबीचे मॉडेल तयार झाले, त्याच्या पांढऱ्या अंगावर पॉल ओल्सेन यांनी निळा, सोनेरी, लाल आणि हिरवा असे चार पर्ल रंग अतिशय पातळ थरांत, चौकोनी पट्ट्यांच्या गुंतागुंतीच्या नक्षीत चढवले होते. समोरून पाहिले तर यान पांढरेच दिसे, पण प्रकाश कलला की बशीवर फरशीसारखे तुकडे उमटत आणि मावळत. हीच नक्षी मॉडेल बांधणाऱ्यांच्या बोलण्यात ‘अ‍ॅझटेक’ म्हणून ओळखली जाते. पुढच्या चित्रपटाच्या वेळी चित्रीकरणात मॉडेलच्या मागे लावलेल्या निळ्या पडद्याचा रंग त्या चकचकीत पृष्ठभागावर उतरू लागला आणि चित्रीकरण करणाऱ्यांनी त्यावर मॅट थर देऊन चमक उतरवली. ही गोष्ट मला नेहमी खटकते, पण त्यांच्या अडचणीचा विचार करता त्यांना दोष देता येत नाही.

पर्ल रंगात अभ्रकाचे सूक्ष्म पापुद्रे असतात आणि त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अत्यंत पातळ थर असतो. त्या थराची जाडी बदलली की परावर्तित होणारा रंग बदलतो. म्हणजे रंग येथे भुकटीत नसून प्रकाशाच्या कोनात असतो. म्हणूनच वर चढणारा क्लिअर कोट पूर्ण पारदर्शक असणे ही सोय नव्हे, गरज आहे. त्यात थोडासा जरी धुरकटपणा आला तरी प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, कोन हरवतो आणि कोनाबरोबर नक्षीही हरवते. लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यांत पीतांबरावर पर्ल मारणारे कारागीरही वरचा हात किती जपून मारतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

भाच्याने ही नक्षी मास्किंग टेपचे हाताने कापलेले तुकडे लावून, एकेक पर्ल रंग एअरब्रशने (दाबाच्या हवेने रंग फवारणाऱ्या बारीक पिचकारीने) मारून केली होती. एकट्या बशीच्या वरच्या बाजूला अकरा दिवस लागले होते. हे सारे काम क्लिअर कोटच्या खाली शाबूत होते की नाही, हा पहिला प्रश्न होता.

तपासणी

दोन दिवसांनी, दुपारी गर्दी नसताना, तो थर्माकोल लावलेल्या खोक्यात यान घेऊन रिक्षाने माझ्या घरी पार्ल्याला आला. आम्ही ते टेबलावर ठेवले, खोलीतले दिवे बंद केले आणि हातात एकच दिवा घेऊन तो बशीच्या कडेशी जवळजवळ समांतर धरून फिरवला. ही पद्धत मी सर्वांना आवर्जून सांगते, कारण डोक्यावरच्या ट्यूबलाइटमध्ये सगळे पांढरे डाग सारखेच दिसतात. दिवा आडवा फिरवताना मात्र लक्षात आले की आपल्यासमोर एक पांढरेपणा नसून दोन आहेत.

पहिला पांढरेपणा बशीवर सर्वदूर होता. मध्यभागी तो दाट होता, कडेला विरळ होत गेला होता आणि दिव्याचा कोन कसाही बदलला तरी तसाच दुधी राहत होता. दुसरा फक्त यानाच्या क्रमांकाच्या, म्हणजे एनसीसी-१७०१ या अक्षरांच्या डिकॅलवर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील पापुद्र्यावर), आणि तोही उजव्या अर्ध्या भागातच होता. तो दुधी नव्हता, चांदीसारखा होता. एका कोनात तो लख्ख चमके, दुसऱ्या कोनात जवळजवळ दिसेनासा होई, आणि त्याची सीमा डिकॅलच्या पारदर्शक कडेशी नेमकी थांबत होती.

दुसऱ्याचे निदान सोपे होते. खालचा पृष्ठभाग खडबडीत असला की पाण्यात भिजवून लावलेल्या डिकॅलच्या पापुद्र्याखाली हवेचे सूक्ष्म कण अडकतात आणि त्यांवरून प्रकाश परततो. आमच्या भाषेत याला ‘सिल्व्हरिंग’ म्हणतात. म्हणूनच डिकॅल लावण्यापूर्वी ग्लॉस कोट देतात, जेणेकरून पापुद्रा काचेसारख्या गुळगुळीत जागेवर बसावा. भाच्याने ग्लॉस कोट दिला होता. मग अर्ध्याच भागात हवा कशी अडकली, हे विचारल्यावर त्याने थोडा वेळ आठवून सांगितले, की ग्लॉस कोटमध्ये तिथे धुळीचा एक कण बसला होता, तो त्याने १००० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढला आणि त्या जागेवर पुन्हा ग्लॉस न देता डिकॅल लावले. हा दोष त्यामुळे जूनमधला होता, जुलैच्या संध्याकाळशी त्याचा काही संबंध नव्हता. वरचा थर दुधी पडल्यामुळे तो नजरेस आला, इतकेच.

सर्वदूर पसरलेल्या पांढरेपणाला दोन कारणे असू शकत होती. सेमी-ग्लॉस क्लिअरमध्ये चमक कमी करणारी सिलिकाची बारीक पूड असते. डबा नीट हलवला नाही किंवा फार दुरून मारला तर ती पूड वर बसून पीठ पसरल्यासारखे दिसते. दुसरे कारण म्हणजे ओलावा. लॅकरमधली द्रावके फार वेगाने उडतात, उडताना पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातात, आणि पृष्ठभागाचे तापमान हवेच्या दवबिंदूखाली, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते त्याखाली, गेले की ओल्या लॅकरवर पाणी जमते. त्या पाण्यामुळे राळ विरघळलेल्या स्थितीतून बाहेर पडते, सुकलेल्या थरात असंख्य सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि त्या प्रकाश विखुरतात. इंग्रजी पुस्तकांत याला ‘ब्लशिंग’ म्हणतात. आमच्या इमारतीत दारांना पॉलिश करायला येणारे कारागीर याला साधेपणाने ‘लॅकर पांढरी मारली’ असे म्हणतात, आणि त्यांच्यापैकी एकाने मला पूर्वी सांगितलेले वाक्य मी विसरलेले नाही : ‘ताई, पावसात रिटार्डर घातल्याशिवाय आम्ही डबाच उघडत नाही.’

या दोन कारणांत निवड करण्यासाठी आम्ही अंदाजावर विसंबलो नाही. त्याच डब्यातून, त्याच अंतरावरून, माझ्या वातानुकूलित खोलीत एका रंगवलेल्या तुकड्यावर स्प्रे मारला. तो स्वच्छ सुकला. डबा, त्यातली पूड आणि भाच्याचा हात हे तिन्ही या एका प्रयोगाने संशयातून सुटले. त्यानंतर यानाच्या खालच्या बाजूला, सांध्यांपासून दूर, हार्डवेअरच्या दुकानात एम.टी.ओ. म्हणून मिळणाऱ्या मिनरल टर्पेंटाइनचा एक थेंब कापसाच्या काडीने लावला. थेंब ओला असेपर्यंत तेवढ्या जागेवरचा दुधीपणा पूर्ण नाहीसा झाला आणि खालचा निळा पर्ल स्पष्ट दिसला. थेंब उडून गेल्यावर पांढरेपणा परत आला. याचा अर्थ पोकळ्या वरच्या थरात आणि वरून उघड्या होत्या, आणि त्याखालचे अकरा दिवसांचे काम शाबूत होते. त्या क्षणी भाच्याने पहिल्यांदा खुर्चीवर बसून पाणी घेतले.

येथे एक सावधगिरी सांगणे भाग आहे. टर्पेंटाइन किंवा एनॅमलचे थिनर रंग नसलेल्या उघड्या प्लास्टिकवर, विशेषतः ताण असलेल्या सांध्यांत झिरपले, तर पॉलिस्टायरीनला चिरा पडू शकतात. वॉश करताना, म्हणजे खाचा उठून दिसाव्यात म्हणून पातळ रंग सोडताना, असे तुटलेले भाग मी पाहिले आहेत. चाचणी नेहमी रंगाच्या सलग थरावर आणि एका थेंबानेच करावी.

दवबिंदूचा हिशेब

त्या संध्याकाळी मुलुंडच्या गच्चीवर आर्द्रता किती होती हे कुणी मोजले नव्हते. माझ्या पार्ल्याच्या गॅलरीतले यंत्र मात्र त्या सुमारास २८ अंश सेल्सिअस आणि ८८ टक्के दाखवत होते, आणि नुकत्याच भिजलेल्या सिमेंटच्या गच्चीवर हवा याहून कोरडी असण्याचे कारण नव्हते. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे असे आकडे मुंबईकराला नवे नाहीत. पण रंग मारणाऱ्याने आर्द्रतेच्या टक्क्यांपेक्षा दवबिंदू पाहावा, असे माझे ठाम मत आहे, आणि ते का हे पुढच्या हिशेबातून दिसेल.

२८ अंश आणि ८८ टक्के असताना दवबिंदू २६ अंशांच्या जवळ असतो. म्हणजे पृष्ठभाग केवळ २ अंशांनी थंड झाला तरी त्यावर पाणी जमू लागते. जानेवारीत दुपारी हेच २८ अंश असतील आणि आर्द्रता ५० टक्के असेल, तर दवबिंदू १७ अंशांच्या आसपास येतो आणि पृष्ठभागाला ११ अंश थंड व्हावे लागते. स्प्रेच्या डब्यातला दाबाखाली द्रव झालेला वायू उडताना स्वतःच थंड होतो (डबा हातात गार लागतो तो त्यामुळेच) आणि त्यात द्रावकाच्या उडण्याचा गारवा मिळतो. अशा दुहेरी गारव्यापुढे २ अंशांचे अंतर टिकत नाही. ११ अंशांचे अंतर बहुधा टिकते. आता वातानुकूलित खोलीत २५ अंश आणि ६० टक्के धरा. तिथेही दवबिंदू जवळपास १७ अंशच निघतो, कारण यंत्राने हवेतले पाणी काढून खिडकीबाहेरच्या नळीतून टाकलेले असते. म्हणजे भर जुलैत रंग मारण्यासाठी मुंबईकराला जानेवारी हवा असेल, तर तो एका खोलीपुरता मिळवता येतो.

मोजण्याचे यंत्र महाग असण्याची गरज नाही, पण त्यावर आंधळा विश्वासही ठेवू नये. माझे यंत्र मी दर पावसाळ्याच्या तोंडावर मिठाने तपासते. बाटलीच्या झाकणात खाण्याचे मीठ घेऊन त्यात ओलसर चिखल होईल इतकेच पाणी घालायचे, ते झाकण आणि यंत्र एकाच घट्ट डब्यात रात्रभर ठेवायचे, आणि सकाळी यंत्राने ७५ टक्के दाखवले पाहिजेत, कारण मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा त्या आकड्याशी स्थिर होते. भाच्याने नंतर विकत आणलेले यंत्र ७० दाखवत होते. आता तो त्याच्या आकड्यात ५ मिळवून वाचतो.

उपाय आणि त्याआधीच्या चाचण्या

यानावर कोणताही उपाय करण्याआधी तो दुसऱ्या कशावर तरी करून पाहायचा, हे ठरलेलेच होते. पूर्वी आम्ही या कामासाठी पार्टीतले प्लास्टिकचे चमचे वापरत असू, पण २०२२ च्या जुलैपासून देशभर त्यांवर बंदी आली आणि ती योग्यच होती. त्याऐवजी आम्ही किटमधलाच न वापरलेला स्टँड आणि काही जाड रनरचे (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचे) चपटे तुकडे घेतले. त्यांवर यानासारखेच सगळे थर चढवले : राखाडी प्रायमर, पांढरा लॅकर, पर्ल, ग्लॉस, उरलेल्या डिकॅलचे तुकडे. मग ते सारे पावसाळी संध्याकाळी माझ्या गॅलरीत नेऊन भाच्याने मुद्दाम तोच क्लिअर मारला. दहा मिनिटांत चारही तुकडे दुधी पडले. आपला दोष हवा तेव्हा पुन्हा घडवता येणे यासारखा आधार निदानाला दुसरा नाही.

चार तुकड्यांवर चार उपाय केले. पहिला तुकडा २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून पाहिला; पांढरेपणा गेला, पण एका ठिकाणी पेपर पर्लपर्यंत पोहोचला आणि अभ्रकाचे पापुद्रे कापले जाऊन तिथे मेलेला राखाडी डाग राहिला. बशीवर हे करण्याचा विचार तिथेच संपला. दुसऱ्यावर खोलीत पाण्यावर आधारित ग्लॉस क्लिअर मारला. त्याने पोकळ्या बऱ्याच भरल्या, पण जिथे थर जाड होता तिथे निळसर धुरकटपणा राहिला. तिसऱ्यावर डब्यातलाच क्लिअर कोरड्या हवेत पुन्हा मारला. तो अर्धा साफ झाला.

चौथ्या तुकड्यावर पॉलिशवाल्यांची वाट धरली. एन.सी. (नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या) थिनरमध्ये सुमारे एक पंचमांश रिटार्डर मिसळून ते मिश्रण, कोणतीही राळ न घालता, एअरब्रशने धुक्यासारखे मारले. रिटार्डर म्हणजे सावकाश उडणारे द्रावक. ब्युटिल सेलोसॉल्व्ह हे असे एक द्रावक आहे आणि त्याचा उत्कलनबिंदू १७१ अंश आहे, तर अ‍ॅसिटोनचा ५६. सावकाश उडणारे द्रावक थर थोडा वेळ मऊ ठेवते, त्या वेळात पोकळ्या मिटतात आणि पाण्याला निघून जायला सवड मिळते. तुकडा डोळ्यांदेखत स्वच्छ झाला आणि निळ्या पट्ट्या एकेक करून वर आल्या. त्याच तुकड्याच्या दुसऱ्या टोकावर भाच्याने मुद्दाम जाड, ओला हात मारला, तेव्हा डिकॅलची कड आक्रसून सुरकुतली. त्यामुळे उपाय कोणता हे कळले आणि त्याची मर्यादाही कळली. मिश्रण ओघळेल इतके मारायचे नाही, पृष्ठभाग क्षणभर ओलसर चमकावा आणि लगेच विझावा, एवढेच.

यानावर काम करताना क्रम महत्त्वाचा ठरला. माझा पहिला विचार आधी मोठा पांढरेपणा घालवावा असा होता, पण भाच्याने विचारले, की वरचा थर मिटल्यावर डिकॅलखाली औषध पोहोचणार कसे? त्याचे म्हणणे बरोबर होते. म्हणून आधी सिल्व्हरिंगवर हात घातला. नव्या पात्याच्या टोकाने चंदेरी भागावर, अक्षरांच्या काळ्या रेषांवरच, अतिशय बारीक टोचे दिले, कारण काळ्यावर टोचा दिसत नाही. त्यांवर डिकॅल मऊ करणारे द्रव ब्रशच्या टोकाने सोडले आणि रात्रभर ठेवले. हे तीन रात्री केले. दर सकाळी चांदी थोडी मागे हटलेली असे. शेवटी शून्याच्या पोटात तांदळाच्या कणीएवढा एक ठिपका उरला आणि तो आम्ही तसाच सोडला, कारण तिथे काळी रेष नव्हती आणि पांढऱ्या जागेवर टोचा दिला असता तर तो ठिपक्यापेक्षा जास्त दिसला असता.

मधल्या काळात यान माझ्या कॅमेऱ्याच्या कपाटात होते. मुंबईत ज्यांच्याकडे जुनी भिंगे आहेत ते बुरशीपासून वाचण्यासाठी कपाटात झीरोचा बल्ब आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवतात. माझ्याही कपाटात त्या आहेत आणि आतली हवा ३३-३४ अंशांवर, बाहेरच्यापेक्षा पुष्कळ कोरडी राहते. पॉलिस्टायरीन मऊ पडायला ९० अंशांच्या पुढे जावे लागते, त्यामुळे या ऊबेचा यानाला धोका नव्हता. नुसत्या या ऊबेने कडेचा विरळ दुधीपणा किंचित उतरला, मधला मात्र हलला नाही.

प्रत्यक्ष फवारणीच्या दिवशी खरी अडचण हवेची होती, आणि तिच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. बंद वातानुकूलित खोलीत द्रावक मारणे धोक्याचे आहे, कारण वाफ फुप्फुसांत जाते आणि पेटही घेऊ शकते. दुसरीकडे, माझ्या स्प्रे बूथचा पंखा वाफ खिडकीबाहेर ओढतो तेव्हा तेवढीच बाहेरची ओली हवा दाराच्या फटीतून आत येते आणि मिळवलेला जानेवारी काही मिनिटांत पुन्हा जुलै होतो. त्यावर तोडगा असा निघाला : खोली तासभर आधी थंड आणि कोरडी करायची, दवबिंदू १७ च्या आसपास आल्यावर बूथचा पंखा लावायचा, दोन मिनिटांत एक हात मारून घ्यायचा, वाफ निघेपर्यंत पंखा चालू ठेवून आपण खोलीबाहेर जायचे, मग पंखा बंद करून पुन्हा खोली कोरडी होऊ द्यायची. यंत्र दवबिंदू २० च्या वर दाखवू लागले तर हात मारायचा नाही. तोंडावर सेंद्रिय वाफ शोषणाऱ्या डब्यांचा मास्क होता. धुळीसाठीचा साधा मास्क वाफ अडवत नाही, हे मी भाच्याला ताईसमोर पुन्हा सांगितले. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी आधी काढले, कारण ओली हवा दाबली की पाणी टाकीतच साचते आणि एअरब्रशमधून थेंबाने बाहेर पडते. जुलैत आमच्या टाकीतून दर वापरानंतर अर्धा चहाचा चमचा पाणी निघते.

हात भाच्याने मारले, मी दिवा धरला. दाब १ बारच्या आसपास, अंतर साधारण २० सेंटिमीटर, दोन हातांमध्ये अर्ध्या तासाचे अंतर. पहिल्या हातानंतर फारसा फरक दिसला नाही आणि त्याचा हात जड होऊ लागला, तेव्हा त्याला थांबवावे लागले. दुसऱ्यानंतर बशीची कड स्वच्छ झाली. तिसऱ्यानंतर मध्यभागी, जिथे दुधीपणा सर्वांत दाट होता, तिथे हिरवा आणि सोनेरी पर्ल एकदम दिसू लागला, आणि दिवा फिरवताच नक्षी एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सरकत गेली. चौथा हात फक्त इंजिनांच्या लांब नळ्यांवर दिला. दोन दिवस कपाटात सुकवल्यानंतर त्याच खोलीत त्याच डब्यातून सेमी-ग्लॉसचा एकच पातळ कोट मारला, आणि तो स्वच्छ बसला.

नंतरची स्थिती

ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाल्यावर मी मुलुंडला जाऊन यान पुन्हा आडव्या दिव्यात तपासले. दुधीपणा परतलेला नव्हता. द्रावकाने थर पुन्हा मऊ केल्यामुळे कुठे चिरा पडतील अशी मला धास्ती होती, पण बशीवर एकही चीर नव्हती. दोन खुणा मात्र राहिल्या आहेत. ‘यू.एस.एस. एंटरप्राइझ’ या नावातल्या ‘यू’ या अक्षराची एक कड केसाएवढी आक्रसली आहे. आणि बशी व खालच्या अंगाला जोडणाऱ्या मानेच्या मागच्या बाजूला, जिथे एअरब्रशचा झोत सरळ पोहोचत नव्हता, तिथे बोटाच्या पेराएवढी धूसर जागा आहे. तिथे पोहोचायचे तर वाकडा कोन धरून जवळून फवारावे लागेल आणि शेजारच्या पट्टीचे डिकॅल धोक्यात येईल, म्हणून ती जागा न छेडण्याचा निर्णय भाच्याने घेतला. मी त्याला दुजोरा दिला.

यान आता ताईच्या बैठकीच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटावर आहे, पूर्वेच्या खिडकीपासून दूर, कारण उन्हात डिकॅलचा पारदर्शक भाग पिवळा पडतो. स्टँडवर त्याने ते किंचित वळवून ठेवले आहे, म्हणजे मानेची ती मागची बाजू भिंतीकडे राहते आणि संध्याकाळचा दिवा लावला की बशीवरचे सोनेरी तुकडे दारातून आत येणाऱ्याला आधी दिसतात. शेजारच्या भिंतीवर आर्द्रतेचे यंत्र आहे आणि त्याखाली पेन्सिलने ‘+५’ लिहिले आहे. पुढच्या किटचे खोके जूनमध्येच आले होते. त्याचे भाग कापून, घासून आणि कोरडे जोडून पाहून झाले आहेत, आणि प्रायमरचा पहिला हात त्याने नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दवबिंदू १९ वर असताना, दुपारी गच्चीवर मारला.